मलाकी डर्कनच्या हद्दीत

डिम्पना गॅरटीने ड्रमोनात अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं. पहिली अकरा सायकलवरून, उरलेली पोस्टाच्या हिरव्या व्हॅनमधून. व्हॅन तिला कधी मनापासून आवडली नाही. व्हॅनमध्ये बसलं की कुंपणापलीकडचं काही दिसत नाही, असं ती म्हणायची. तिचा जन्म रेल्वे फाटकाजवळच्या घरातला. आई फाटक सांभाळायची, वडील रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. पुढे लाइन बंद पडली, रूळ उखडून नेले, फाटक गेलं, घर तेवढं राहिलं. त्या घरात ती अजून राहते. लग्न केलं नाही. "विचारणारे दोघे होते, दोघांनाही घरापेक्षा पबची घाई जास्त होती," एवढं सांगते आणि किटली चढवायला उठते.

रूळ गेले त्या वाटेवर नऊ वर्षांपूर्वी बारीक खडी अंथरली, वर डांबर पडलं, आणि तिथून सायकली धावायला लागल्या. बाहेरचे लोक तिला काय म्हणायचं ते म्हणोत, गावात ती 'लाइन'च. ड्रमोनापासून समुद्राकाठच्या किलशेनपर्यंत चव्वेचाळीस किलोमीटर. निवृत्त झाल्यापासून डिम्पना दर गुरुवारी ही अख्खी लाइन करायची. सोबतीला कधी सहा जण, कधी दोघं, कधी कुणी नाही. संध्याकाळी तिचा भाऊ एन्डा व्हॅन घेऊन किलशेनला न्यायला यायचा.

सगळ्या लाइनवर तीन किलोमीटरचा एकच तुकडा असा होता जिथे ती थांबायची नाही, बोलायची नाही, आणि बरोबरच्यांनाही बोलू द्यायची नाही. तो तुकडा मलाकी डर्कनच्या जमिनीतून जायचा.

डर्कनचं शेत लाइनने मधोमध चिरलेलं. रूळ गेल्यावर चाळीस वर्षं त्याने ती वाट आपलीच म्हणून वापरली होती. गवताचे गठ्ठे तिच्यावरून नेले, गुरं तिच्यावरून हाकली. सायकलींसाठी वाट करायचं ठरलं तेव्हा तो आडवा आला. मग गावच्या हॉलमध्ये सभा झाली. अधिकाऱ्याने विचारलं, ही जमीन रेल्वेची होती की डर्कनची, हे सांगणारं जुनं माणूस कुणी आहे का? डिम्पना उठली आणि म्हणाली, "मी लहान असताना दरवर्षी रेल्वेचा माणूस यायचा आणि हद्दीचे दगड मोजून जायचा. दगड अजून आहेत. डर्कनच्या गोठ्याच्या पायात दोन घातलेत, बाकीचे जागेवर आहेत."

लोक हसले. ते हसायला नको होते. मलाकी उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "फाटकवालीची पोर ती. दुसऱ्याच्या दाराची कडी उघडायची आणि हात पुढे करायचा, हीच त्यांची जात."

त्या दिवसापासून दोघांत विस्तव जात नव्हता. पुढची नऊ वर्षं डिम्पनाने त्याचं टपाल वाटलं, पण हातात दिलं नाही. त्याने घराकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक पेटी ठोकली, त्यात ती टाकायची. दोन वर्षांपूर्वी त्याची बहीण गेली, तेव्हा डिम्पना चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि घरच्यांशी हात मिळवून सांत्वन करायची रांग लागायच्या आत बाहेर पडली. त्या गावात असलं लगेच लक्षात येतं.

तो गुरुवार मे महिन्याच्या मध्यावरचा. आठवडाभर पाऊस नव्हता, पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. बरोबर फक्त कार्मेल, एन्डाची बायको. डॉक्टरने साखरेवरून दम दिल्यामुळे तिने मार्चमध्ये सायकल घेतली होती आणि आज पहिल्यांदाच पुरी लाइन करायची म्हणून निघाली होती. वीस वर्षं तिने वृद्धाश्रमात काम केलं होतं. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं तिच्या हातात मुरलेलं होतं. सायकल मात्र मुरली नव्हती.

"डिम्पना, हे सीट माणसासाठी केलंय की कोंबडीसाठी?"

"बोलणं कमी कर, सीट आपोआप मऊ लागेल."

"एन्डाशी लग्न करताना कुणी सांगितलं नव्हतं की नणंद अशी आहे."

"सांगितलं होतं. तू त्याच्या डोळ्यांकडे बघत होतीस."

साडेअकराला लिसनॉरच्या जुन्या फलाटावर दोघींनी थर्मासमधला चहा घेतला, काळ्या पावाला लोणी लावून हॅमबरोबर खाल्लं. निघताना डिम्पनाने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "आता पुढे तीन किलोमीटर गप."

"माहीत आहे. डर्कन," कार्मेल म्हणाली. "अगं, पण माणूस सत्तरीला आला. अजून किती दिवस?"

"त्याला विचार."

दोन्ही बाजूंना काटेरी तार सुरू झाली. दर दोनशे पावलांवर पाटी: खासगी जमीन, वाटेवरून उतरू नये, म. डर्कन. पुढे वाट डोंगराच्या सोंडेतून कापलेल्या खिंडीत शिरत होती. खिंडीच्या तोंडाशी डिम्पनाला इंजिनाचा आवाज ऐकू आला. क्वाडचा, म्हणजे शेतातून फिरायला असते त्या जाड चाकांच्या मोटरसायकलीचा. डर्कनची क्वाड तिला आवाजावरून ओळखू यायची. तो आवाज आला की ती पायडल जोरात मारायची. पण आज आवाज जवळ येत नव्हता की लांब जात नव्हता. एकाच जागी, एकाच पट्टीत, ओढ लागल्यासारखा चालला होता.

पुढे काय झालं ते तिने नंतर कुणालाही सांगताना लपवलं नाही. ती थांबली नाही. त्याचं शेत, त्याचं यंत्र, त्याचं तो बघेल, असं तिच्या मनात आलं आणि ती आणखी पन्नासेक पावलं गेली. मग तिला वाटेच्या मधोमध त्याचा कुत्रा दिसला. काळापांढरा, टिप नावाचा. दोन वर्षांत तो तिच्यावर भुंकला नाही असा गुरुवार गेला नव्हता. आज तो भुंकत नव्हता. नुसता उभा होता, आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

डिम्पनाने ब्रेक दाबले आणि आवाजाच्या दिशेने मागे फिरली.

डावीकडे तारेपलीकडे खिंडीचा उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी पाणी वाहून जायचा चर. चरावर क्वाड पालथी पडली होती. वरच्या अंगाचं एक चाक अजून फिरत होतं. यंत्राखालून रबरी बूट घातलेला एक पाय बाहेर आला होता.

"देवा रे," कार्मेल मागून हळूच म्हणाली.

तारेतून जाताना डिम्पनाचं जॅकेट फाटलं, ते तिला घरी गेल्यावर कळलं. मलाकी उताणा पडला होता. यंत्राची मागची लोखंडी जाळी त्याच्या छातीवर होती, पाय पुढच्या भागाखाली. डोकं चराच्या काठाला टेकलेलं, एक कान पाण्यात. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर. डोळे उघडे होते. त्या डोळ्यांनी तिला ओळखलं, हे तिला दिसलं. बोलायला मात्र त्याच्या छातीत हवा नव्हती. श्वास आत जात होता तो चमचाभर, आणि तोही मोठ्या मुश्किलीने.

तिने हँडलवरचं लाल बटण शोधून दाबलं. इंजिन थांबलं. सगळीकडे पेट्रोलचा वास पसरला होता.

दोघींनी जाळीला हात घातले आणि उचललं. यंत्र ढिम्म हललं नाही. पुन्हा उचललं. कार्मेलचा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आपटली.

"नाही होणार," ती धापा टाकत म्हणाली. "डिम्पना, हे आपल्याच्याने नाही होणार. आणि ह्याच्याकडे फार वेळ नाही. मी असे ओठ पाहिलेत."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. कमीही असेल."

डिम्पनाने इकडेतिकडे पाहिलं. लांब, जाड असं काहीतरी हवं होतं. दहा पावलांवर त्याची पाटी होती, मनगटाहून जाड लाकडी खांबावर ठोकलेली. कोरड्या हवेने खांबाच्या बुडाची माती तडकली होती. तिने त्याला मिठी घातली, डावीउजवीकडे हलवलं, पुन्हा हलवलं, आणि सगळा जोर लावून उपसला. जुन्या रेल्वेच्या भिंतीतून निखळलेला एक चौकोनी दगड तिथेच गवतात होता. तो दोघींनी लोटत आणला. खांबाचं टोक जाळीखाली घातलं, खाली दगड ठेवला.

"मी दाबते," ती म्हणाली. "इंच वर आलं की तू खाली दगड सरकव. बोटं सांभाळ. मी सोडलं तर तुझा हात गेला समज."

"सोडू नकोस म्हणजे झालं."

डिम्पनाने खांबाच्या दुसऱ्या टोकावर पोट टेकून सगळं वजन टाकलं. लाकूड करकरलं. यंत्र हललं, पण वर नव्हे, बाजूला, उताराकडे. मलाकीच्या घशातून एक आवाज निघाला. तिने दाब हलका केला. यंत्र पुन्हा होतं तसं बसलं. ते त्या बाजूला गडगडलं असतं तर त्याच्या तोंडावरूनच गेलं असतं. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि हात पुसायला मोकळे नव्हते. तिने दगड हातभर सरकवून घेतला, खांब तिरका घातला, आणि पुन्हा वजन टाकलं. ह्या वेळी जाळी वर उचलली. एक बोट. दोन बोटं.

"घाल."

कार्मेलने एक दगड सारला. मग दुसरा, त्यावर चपटा तिसरा. "आणखी जरा. जरासंच. हां. झालं. आता हळू सोड. हळू, म्हटलं ना."

वजन दगडांवर बसलं आणि तिथेच राहिलं. जाळी आणि छाती यांच्यात आता हात जाईल एवढी फट होती. मलाकीने श्वास घेतला. तो श्वास डिम्पनाला अजून ऐकू येतो, असं ती सांगते. भरलेल्या विहिरीत बादली आपटावी तसा आवाज. मग दुसरा, मग तिसरा. कार्मेल त्याच्या डोक्यामागे चिखलात बसली आणि दोन्ही तळव्यांनी त्याची मान धरून कान पाण्याबाहेर काढला.

"तू," तो म्हणाला.

"मीच," डिम्पना म्हणाली. "बोलू नकोस."

"पाय..."

"पाय तसेच राहू देत," कार्मेल म्हणाली. "पाय आम्ही नाही हलवणार, मलाकी. ते डॉक्टरांसमोर हलतील. तू माझ्याकडे बघ आणि श्वास घे. घाई करू नकोस."

खिंडीत फोनला सिग्नल नव्हता; तिथे कधीच नसतो. पुढे दोन किलोमीटरवर वाट डर्कनच्या गल्लीला ओलांडते, तिथे मिळतो. डिम्पना तारेतून बाहेर आली आणि सायकलवर बसली.

"किती वेळ लागेल तुला?" कार्मेलने खालून विचारलं.

"सहा मिनिटं."

वारा पाठीला होता, तेवढीच देवाची दया. त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी मारता येतील तेवढ्या जोरात तिने पायडल मारलं. खिंडीच्या बाहेर वाट जरा चढते. तिथे तिने घाईघाईत गिअर बदलला आणि चेन उतरली. पाय एकदम रिकामे फिरले. ती उतरली, सायकल उलटी केली आणि चेन बोटांनी पकडून दातांवर चढवायला लागली. हजारदा केलेलं काम होतं, धुक्यात, बर्फात, खांद्यावर टपालाची पिशवी असताना. आज बोटं ऐकेनात. एकदा चढवली, सुटली. दुसऱ्यांदा चढवली, सुटली. "डिम्पना," ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली, "पत्र पोचवायचंय. दुसरं काही नाही." तिसऱ्यांदा चेन बसली.

गल्लीपाशी फोनवर दोन काड्या दिसल्या. तिने आपत्कालीन क्रमांक लावला. पलीकडून एका तरुण मुलीचा शांत आवाज आला. डिम्पनाने एका दमात सांगितलं: क्वाड उलटलीय, सत्तरीचा माणूस, छाती दबली होती, आता मोकळी, पाय अडकलेत, शुद्धीवर आहे.

"जागेचा पोस्ट कोड सांगू शकाल का?"

लाइनला कसला पोस्ट कोड. पण डर्कनच्या घराचा होता, आणि तो तिने इतक्या पाकिटांवर वाचला होता की झोपेतही सांगितला असता. सातही अक्षरं-आकडे तिने न अडखळता म्हटले.

"आपण त्यांच्या घरच्या आहात का?"

"नाही," डिम्पना म्हणाली. "मी पोस्टवाली."

रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांवर होती. प्रथमोपचार करणारे गावातले मदतनीस त्याआधी निघतील, हेलिकॉप्टरचंही विचारते, असं ती मुलगी म्हणाली. "गाडीला अपघाताच्या जागेपर्यंत येता येईल का?"

डिम्पनाने वळून पाहिलं. लाइनवर गाड्या शिरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवलेले होते. तिथून रुग्णवाहिका जाणं शक्य नव्हतं. दुसरी वाट एकच: गल्लीतून डर्कनच्या मोठ्या कुरणात, आणि कुरणाच्या कडेकडेने खिंडीच्या माथ्यापर्यंत. कुरणाला चौदा फुटी लोखंडी फाटक होतं. फाटकाला साखळी, साखळीला मुठीएवढं कुलूप. सायकलवाले आत शिरू नयेत म्हणून मलाकीने ते स्वतः लावलं होतं.

"येता येईल," ती म्हणाली. "मी फाटक उघडून ठेवते."

किल्ली त्याच्या खिशात असणार, म्हणजे क्वाडखाली. तिने दगड घेऊन कुलूप ठोकलं. चार घावांत दगडाचे दोन तुकडे झाले, कुलपावर ओरखडाही आला नाही. मग ती फाटकाच्या दुसऱ्या टोकाला गेली, बिजागऱ्यांकडे. दोन्ही खुंट वरच्या दिशेने होते. म्हणजे फाटक त्यांच्यावर नुसतं बसवलेलं होतं. उचललं तर निघणार. तिने खांदा खालच्या आडव्या नळीखाली घातला, पाय रोवले आणि उठायचा प्रयत्न केला. पाठीत कळ आली. फाटक बोटभर उठलं आणि परत बसलं. दुसऱ्या वेळी ते वरच्या खुंटावरून सुटलं, वाकडं झालं, आणि खालचा खुंट सोडताना धाडकन तिच्या हातावर आलं. अंगठ्याचं नख तिथल्या तिथे काळं पडलं. तिने फाटक साखळीच्या टोकावर ओढत फिरवलं आणि कुंपणाला टेकवलं. वाट मोकळी झाली.

आणि तेव्हा तिला गुरं दिसली.

कुरणाच्या वरच्या कोपऱ्यात मलाकीचे गोऱ्हे चरत होते, दोन दोन वर्षांचे, तांबडे, एकेक सहाशे किलोचा. फाटकाचा आवाज झाला तशी सगळ्यांनी माना वर केल्या. गोऱ्हा फार चौकस जनावर. ते एकामागून एक चालत खाली यायला लागले. गल्लीतून दीडशे पावलांवर मोठा रस्ता होता, आणि त्या रस्त्याने भरधाव रुग्णवाहिका येणार होती.

डिम्पनाने सायकल मोकळ्या जागेत आडवी धरली आणि तिच्यामागे उभी राहिली. चौदा फुटांचं भगदाड आणि एक सायकल. गोऱ्हे दहा पावलांवर येऊन थांबले. अर्धगोल करून तिच्याकडे बघत राहिले. एकाने पाऊल पुढे टाकलं की तिने हात पसरून "हो, हो, मागे" म्हणायचं, तो थबकायचा. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला दुसरा सरकायचा. ती इकडून तिकडे, तिकडून इकडे, सायकल ओढत.

अठरा मिनिटांनी गावातले मदतनीस आले, मोटारीत दोघं. "कुठे?" एवढंच त्यांनी विचारलं. "सरळ, कडेकडेने, झाडी संपते तिथून खाली," ती म्हणाली. गुरं बाजूला पांगली, गाडी आत गेली, गुरं पुन्हा जमली. मग रुग्णवाहिका आली, तीही गेली. तिच्याबरोबर पळत जावं आणि बघावं असं डिम्पनाला इतकं वाटत होतं की पाय आपोआप वळत होते. पण जागा सोडली की जनावरं रस्त्यावर. ती उभी राहिली. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. कुणी परत आलं नाही. खिंडीच्या बाजूने काही ऐकू येत नव्हतं. ह्याचा अर्थ चांगला की वाईट, हे तिला ठरवता येईना. आपण पन्नास पावलं पुढे गेलो होतो, हे मात्र ती पुन्हा पुन्हा मोजत होती. पन्नास पावलं जायची, पन्नास यायची. चमचाभर श्वासाच्या हिशेबात ते किती होतात?

मग आकाशात घरघर सुरू झाली.

हेलिकॉप्टर टेकडीवरून एकदम वर आलं आणि कुरणाच्या वरच्या अंगाला उतरायला लागलं. गोऱ्हे उधळले. आधी ते कुरणभर फिरले, शेपट्या ताठ उभ्या, मग कुंपणाच्या कोपऱ्यात अडकले, आणि तिथून सगळ्यांना एकदमच मोकळी जागा दिसली. जमीन हादरत होती, ते तिला बुटाच्या तळव्यांतून कळलं. ओरडून काही उपयोग नव्हता, तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. तिने सायकल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, ही सगळी लांबलचक लोखंडी वस्तू, आणि तशीच त्यांच्या दिशेने चालत निघाली. पळाली नाही. आई म्हणायची, जनावरासमोर पळणारा माणूस त्याला आपल्यातलाच वाटतो.

सगळ्यात पुढच्या गोऱ्ह्याच्या नाकपुड्या तिला दिसल्या, त्याच्या पापणीवरची माती दिसली. तो तिच्यापासून हातभर अंतरावर असताना उजवीकडे वळला. त्याच्या खांद्याचा धक्का सायकलच्या पुढच्या चाकाला बसला आणि ती गोल फिरून खाली पडली. बाकीचे त्याच्यामागे वळले. ती उठून उभी राहिली तेव्हा सगळे खाली ओढ्याकडे निघाले होते आणि भगदाडातून एकही बाहेर गेला नव्हता. सायकलचं चाक आठच्या आकड्यासारखं वाकलं होतं.

तासाभराने कार्मेल कुरणाच्या कडेने चालत आली. कमरेपर्यंत चिखल, हातात हेल्मेट. टिप तिच्या मागून येत होता.

"नेलं त्याला," ती म्हणाली. "जिवंत नेलं. डॉक्टरीण म्हणाली, छातीवरचं तेव्हाच काढलं नसतं तर..." ती गवतात बसली आणि रडली. डिम्पना तिच्याशेजारी बसली. बऱ्याच वेळाने कार्मेल म्हणाली, "सगळा वेळ एकच विचारत होता. जनावरं कुठायत? मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाला, फाटकाला कुलूप आहे, म्हणजे ठीक आहे."

डिम्पनाने कुंपणाला टेकवलेल्या फाटकाकडे पाहिलं. तिचा अंगठा आता बाटलीएवढा सुजला होता.

मलाकीच्या पाच बरगड्या मोडल्या होत्या, कमरेचं हाड दोन जागी, आणि डाव्या पायाचं बरंच काही. तो सात आठवडे शहराच्या इस्पितळात होता. तेवढे दिवस त्याची गुरं कुणी बघायची, हे कुणी ठरवलं नाही. पहिल्या संध्याकाळी डिम्पना टिपला खायला घालायला गेली आणि गोऱ्हे मोजून आली, दुसऱ्या दिवशीही गेली, आणि मग जातच राहिली. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून फाटक परत बसवलं. लाइनवर मात्र ती तीन गुरुवार गेली नाही. चाक दुरुस्तीला दिलंय, असं सांगायची. चाक दुसऱ्याच दिवशी आलं होतं.

चौथ्या आठवड्यात कार्मेलने तिला गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. स्वतः खाली कॅन्टीनमध्ये थांबली.

मलाकी उशांना टेकून बसला होता. दाढी केलेली, गाल आत गेलेले. डिम्पना खुर्चीवर बसली.

"गुरं?" त्याने विचारलं.

"बरी आहेत. खालच्या कुरणात घातलीत. वरचं गवत संपलं."

"खालचं अजून राखून ठेवायचं होतं."

"मग काय खाणार होती? तुझ्या पाट्या?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "किती आहेत?"

"बावीस."

"तेवीस होते."

"बावीस, मलाकी. मी त्यांच्यासमोर दीड तास उभी होते. एकेकाचं तोंड पाहिलंय."

तो ओठ हलवून मनात मोजत होता. "एक एप्रिलात विकला," तो शेवटी म्हणाला. "बावीसच."

नर्स गोळ्या देऊन गेली. तो पाणी प्यायला, पेला ठेवला, आणि हाताच्या पंजाकडे बघत म्हणाला, "हॉलमध्ये मी जे बोललो. तुझ्या आईबद्दल. ती माझ्या बापाला धुक्यात हाताला धरून रुळांपलीकडे न्यायची. त्याला दिसत नव्हतं शेवटी. मला ठाऊक होतं ते, आणि तरी बोललो."

अकरा वर्षं तिने ह्या माणसाला काय काय ऐकवायचं ते जमवून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य आता हाताशी येत नव्हतं.

"मी आधी थांबले नव्हते," ती म्हणाली. "त्या दिवशी. आवाज ऐकला आणि पुढे गेले. मग परत फिरले. तुला ठाऊक असावं म्हणून सांगते."

"किती पुढे?"

"पन्नास पावलं."

मलाकीने खांदे उडवायचा प्रयत्न केला, बरगड्यांमुळे जमलं नाही. "मी असतो तर समुद्रापर्यंत गेलो असतो," तो म्हणाला.

तो जुलैमध्ये काठी टेकत घरी आला. गोऱ्हे विकले, वरचं कुरण शेजाऱ्याला कसायला दिलं. पाट्या आहेत तिथेच आहेत. नवी वाट आपण मान्य केलेली नाही, असं तो अजून सांगतो. डिम्पना पुन्हा दर गुरुवारी लाइनवर जाते, आणि त्या तीन किलोमीटरांत आता बोलायला मनाई नाही. कार्मेलही जाते. तिने सीट बदलून घेतलंय आणि ते नवीनही तिला पसंत नाही.